बारा मिलिसेकंदांत काय काय होते?

डॅनिएल गोलमन यांचे 'इमोशनल इंटेलिजन्स' हे पुस्तक १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. गोलमन हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले पत्रकार. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ते मेंदू आणि वर्तन या विषयांवर लिहीत असत. 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा काही त्यांची नव्हे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती १९९० साली मांडली होती. पण ती जगभर घरोघरी पोचवली ती गोलमन यांनीच. आज इतक्या वर्षांनंतरही शिक्षकांच्या एखाद्या प्रशिक्षणवर्गात जाऊन बसा, या पुस्तकातली निदान एक कल्पना फळ्यावर आल्याशिवाय राहत नाही. ती कल्पना म्हणजे मेंदूचे 'हायजॅकिंग', अर्थात अपहरण.

ती सांगण्याची पद्धतही आता ठरून गेली आहे. फळ्यावर मेंदूची बाह्याकृती काढायची. डोळ्याकडून एक बाण मध्यभागी असलेल्या थॅलॅमसकडे न्यायचा. तिथून दोन वाटा. एक लांबची वाट मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे विचार करणाऱ्या भागाकडे जाते. दुसरी आडवाट सरळ अमिग्डालाकडे, म्हणजे बदामाच्या आकाराच्या त्या छोट्याशा गाठीकडे जाते. आडवाटेला लागतात फक्त १२ मिलिसेकंद, लांबच्या वाटेला त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून रानातल्या पायवाटेवर वेटोळे दिसले की आपण आधी दचकतो आणि मग कळते, ही तर दोरी! (आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टांत वेदान्ताच्या पुस्तकांत शतकानुशतके चालत आला आहे. त्याला मिलिसेकंद चिकटवले गेले ते अलीकडे, एवढेच.) निष्कर्ष असा, की भावना आधी आणि विचार मागाहून, आणि एकदा अमिग्डालाने ताबा घेतला की विचाराचे काही चालत नाही.

गोष्ट सुबक आहे, लक्षात राहते. पण माझा आक्षेप तिच्या सुबकपणालाच आहे. त्यासाठी आधी हा १२ चा आकडा आला कुठून ते पाहू.

तो आला न्यूयॉर्क विद्यापीठाचे जोसेफ लडू यांच्या प्रयोगांतून, आणि हे प्रयोग खरोखरच उत्तम दर्जाचे होते. पिंजऱ्यातल्या उंदराला एक सूर ऐकवायचा आणि सुराच्या शेवटी पायाला विजेचा सौम्य धक्का द्यायचा. काही वेळा असे झाले की नुसता सूर ऐकताच उंदीर जागच्या जागी थिजतो, त्याचा रक्तदाब वाढतो. ही झाली पाव्हलोव्हच्या धर्तीची शिकवण. लडू यांचा प्रश्न होता, सुराची बातमी मेंदूत कोणत्या मार्गाने जाते? त्यांनी उंदरांच्या बाह्यकातला ऐकण्याचा भाग काढून टाकला. उंदीर तरीही सुराला भ्यायला शिकले! मग थॅलॅमसमधला ऐकण्याचा भाग निकामी केला. आता मात्र ते शिकेनात. म्हणजे थॅलॅमसपासून बाह्यकाला वगळून जाणारी एखादी वाट असलीच पाहिजे. शोध घेता ती अमिग्डालाकडे जाते असे आढळले. अमिग्डालातील पेशींपर्यंत सुराचा संकेत पोचायला लागणारा वेळ मोजला, तो भरला सुमारे १२ मिलिसेकंद.

आता या वाक्यातले तीन शब्द नीट पाहा : उंदीर, सूर आणि पोचणे. फळ्यावरच्या आकृतीत यांच्या जागी माणूस, चित्र आणि भावना हे शब्द येऊन बसले आहेत. गोलमन यांच्यावर अन्याय नको. आकडा उंदराचा आहे आणि माणसात अशी मोजणी अजून व्हायची आहे, हे त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. पण माणसातही प्रमाण साधारण तसेच असेल, अशी पुस्ती त्यांनी लगेच जोडली, आणि वाचकांनी पुस्ती तेवढी उचलली.

माणूस आणि उंदीर यांच्या मेंदूच्या आकारात मोठा फरक आहे, ते एक वेळ सोडून देऊ. पण कान आणि डोळा यांतला फरक सोडता येत नाही. कानात ध्वनीच्या कंपनाने केसपेशींवरची लव वाकते आणि वाकताच विद्युत्प्रवाह सुरू होतो. सारे काम यांत्रिक, म्हणून झटपट. डोळ्यात तसे नाही. दृक्पटलावर प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रियांची एक साखळी सुरू होते आणि तिच्या शेवटी पेशीचे विद्युत्विभव बदलते. यातच काही दशक मिलिसेकंद खर्ची पडतात. माणसाच्या दृष्टिबाह्यकात चित्राची पहिली चाहूल लागते ती ५० ते ६० मिलिसेकंद उलटल्यावर. तेव्हा साप दिसल्यापासून बाराव्या मिलिसेकंदाला अमिग्डाला तर दूरच, चित्र धड डोळ्यातूनही बाहेर पडलेले नसते.

बारा मिलिसेकंद म्हणजे किती हे विद्यार्थ्यांना कसे सांगाल? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. शंभरावा भाग म्हणजे १० मिलिसेकंद. किंवा पट्टीचा नेहमीचा प्रयोग करा. एकाने फूटपट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची. ती सुमारे २० सेंटिमीटर घसरून हाती लागते, म्हणजे पाहण्यापासून पकडण्यापर्यंत सुमारे २०० मिलिसेकंद जातात. हेच सूत्र १२ मिलिसेकंदांना लावले तर पट्टी एक मिलिमीटरदेखील खाली आलेली नसते.

मग भावना जागवणारे चित्र पाहिल्यावर मेंदूत केव्हा काय घडते? यावर गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ काम झाले आहे आणि खेदाची गोष्ट अशी, की फळ्यावरच्या आकृतीत त्यातले काहीच आलेले नाही. या कामासाठी प्रयोगशाळांत एक चित्रसंग्रह वापरला जातो. फ्लोरिडा विद्यापीठातील पीटर लँग, मार्गारेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. त्यात सुमारे हजारभर छायाचित्रे आहेत : साप, रोखलेले पिस्तूल, जखमी देह, हसरी बाळे, प्रेमी जोडपी, आणि टोपली, खुर्ची, छत्री अशा निरुपद्रवी वस्तू. प्रत्येक चित्र किती सुखद किंवा दुःखद वाटते आणि किती उत्तेजित करते, याचे गुण अनेक लोकांकडून नऊ पायऱ्यांच्या मापावर घेतलेले आहेत. (हे लोक प्रामुख्याने अमेरिकन विद्यार्थी. नागपंचमीला नाग पाहत वाढलेल्या बत्तीस शिराळ्याच्या मुलाने सापाच्या चित्राला तेवढेच गुण दिले असते का, अशी शंका मला येते.)

वेळ मोजण्याचे साधन म्हणजे इ.ई.जी., डोक्याच्या त्वचेवर चकत्या लावून टिपलेले मेंदूचे विद्युत्विभव. मेंदूची रंगीत चित्रे छापून येतात ती एफ.एम.आर.आय. या दुसऱ्या तंत्राची. ते तंत्र रक्तप्रवाहातले बदल टिपते आणि रक्तप्रवाह शिखर गाठतो पाच-सहा सेकंदांनी. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय या प्रश्नासाठी ते फारसे कामाचे नाही. इ.ई.जी.ची अडचण वेगळी. चित्रामुळे होणारा बदल अवघा काही मायक्रोव्होल्ट असतो, एका नोंदीत तो दिसतच नाही. पाच-पन्नास चित्रांच्या नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते, तेव्हा कुठे लहर उठून दिसते.

अशा लहरींतून कळलेले वेळापत्रक थोडक्यात असे. सायमन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली फ्रान्समध्ये दाखवले, की अनोळखी छायाचित्र केवळ २० मिलिसेकंद झळकवले तरी त्यात प्राणी आहे की नाही याचा फरक मेंदूच्या लहरींत सुमारे १५० मिलिसेकंदांपाशी दिसू लागतो. लक्षात घ्या, यात भावनेचा संबंध नाही, हे नुसते ओळखणे आहे, आणि तेही इतके जलद! 'विचाराची वाट मंद' या समजुतीला पहिला तडा इथेच जातो. त्यानंतर साधारण १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान डोक्याच्या मागच्या बाजूला भावनिक आणि साध्या चित्रांत फरक पडू लागतो. आणि मग ३०० ते ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास माथ्याकडे एक मोठी, रुंद लहर उठते. तिचे नाव 'लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल'. आपण तिला 'उशिराची लहर' म्हणू.

ही उशिराची लहर मला साऱ्या विषयाचा गाभा वाटते. कथबर्ट, लँग आणि सहकाऱ्यांनी २००० साली चित्रे सहा-सहा सेकंद दाखवून पाहिले, तर चित्र समोर असेपर्यंत लहर टिकून राहिली. दुसरे असे, की ती दुःखद चित्रांना जशी वाढते तशीच सुखद चित्रांनाही वाढते. तिला चित्र चांगले की वाईट याच्याशी कर्तव्य नाही. चित्र किती महत्त्वाचे, किती लक्ष वेधणारे, एवढेच ती सांगते. त्यामुळे लहर मोठी म्हणजे भीती मोठी, असे म्हणता येत नाही.

शरीराची गती तर याहून संथ. हृदयाचे ठोके दुःखद चित्र पाहिल्यावर पहिल्या काही सेकंदांत चक्क मंदावतात! घाबरले की छाती धडधडते या आपल्या अनुभवाच्या हे अगदी उलट. कारण सुरक्षित खुर्चीत बसून चित्र पाहणे म्हणजे आधी टवकारून पाहणे, पळणे नव्हे. तळहाताला सुटणारा घाम एक ते तीन सेकंदांनी मोजता येतो. दचकण्याची प्रतिक्रिया तर फारच बोलकी आहे. चित्र पाहत असताना कानात अचानक मोठा आवाज केला की पापणी मिटते. दुःखद चित्र पाहताना ती अधिक जोराने मिटते, सुखद चित्र पाहताना कमी जोराने. पण हा फरक दिसायला चित्र येऊन सुमारे अर्धा सेकंद जावा लागतो. पहिल्या तीनेकशे मिलिसेकंदांत उत्तेजक चित्र, मग ते सुखद असो वा दुःखद, पापणीची मिट उलट कमी करते, कारण मेंदू चित्र ग्रहण करण्यात गुंतलेला असतो. भयाची म्हणावी अशी शारीरिक तयारी उभी राहते ती नंतर, आणि राहते टप्प्याटप्प्याने.

मग आडवाट खोटीच म्हणायची का? नाही, तसेही नाही. दृष्टीसाठीही थॅलॅमसच्या मागच्या भागातून अमिग्डालाकडे जाणारी वाट असावी, असे अनेक संशोधक मानतात. लुइझ पेसोआ आणि राल्फ ॲडॉल्फ्स यांनी २०१० साली तिच्यावर सविस्तर टीका केली. त्यांचे म्हणणे, एक आडवाट आणि एक महामार्ग असे नसून बाह्यकातून एकाच वेळी धावणाऱ्या पुष्कळ वाटा आहेत, आणि त्यांतल्या काही चांगल्याच जलद आहेत. नंतर २०१६ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या अमिग्डालात तारा बसवल्या होत्या अशा रुग्णांना चेहरे दाखवले, तेव्हा भेदरलेल्या चेहऱ्यांना अमिग्डालाने ७४ मिलिसेकंदांपासून प्रतिसाद दिला, दृष्टिबाह्यकातल्या तशा प्रतिसादाच्या आधी. आडवाटेच्या समर्थकांना हे मोठेच पाठबळ. मात्र त्याच प्रयोगात शांत किंवा हसऱ्या चेहऱ्यांना हा जलद प्रतिसाद मिळाला नाही, आणि भावना चेतवणाऱ्या दृश्यांच्या छायाचित्रांनाही मिळाला नाही! म्हणजे जिथे आडवाट असावी, तिथेही ती एका विशिष्ट मालापुरतीच खुली. आणि तीही १२ मिलिसेकंदांची नव्हे.

राहता राहिला अमिग्डाला म्हणजे 'भीतीचे केंद्र' हा समज. एका विरळ आनुवंशिक विकारात दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झालेली एक स्त्री संशोधन-साहित्यात एस. एम. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, हे १९९४ साली प्रसिद्ध झाले आणि सगळ्यांनी उचलून धरले. पण २००५ साली त्याच गटाने शोधून काढले, की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही, आणि भीती तर मुख्यतः डोळ्यांत दिसते. "डोळ्यांकडे पाहा" असे सांगताच तिला भीती ओळखता येऊ लागली. पुढे २०१३ साली तिला आणि तशाच दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तेव्हा तिघींनाही जबरदस्त भीतीचा झटका आला. अमिग्डालाशिवाय! तेव्हा अमिग्डालाचे काम भीती 'बनवणे' हे नसून कशाकडे लक्ष द्यायचे हे ठरवण्याशी त्याचा अधिक संबंध असावा, असे मला वाटते. खुद्द लडू यांनीही २०१४-१५ पासून, 'ॲन्क्शस' या पुस्तकात आणि अन्यत्र, आपल्या प्रयोगांना 'भीतीचे' प्रयोग म्हणणे सोडून दिले आहे. आपण मोजली ती धोक्याला दिलेली संरक्षक प्रतिक्रिया, भीतीची जाणीव नव्हे, आणि जाणीव घडते ती बाह्यकाच्या साहाय्याने, अशी त्यांची भूमिका आहे. मूळ संशोधकाने शब्द बदलले, आकृती मात्र तशीच फिरते आहे.

कोणी म्हणेल, आकडा चुकला तर चुकला, एवढा खल कशाला? शिक्षकांना भावनांचे महत्त्व पटले, पुरे झाले. मला हे मान्य नाही. एका कार्यशाळेत एक शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गातला एक मुलगा सारखा मारामारी करतो. आम्हाला प्रशिक्षणात सांगितले की त्या क्षणी त्याचा मेंदू हायजॅक होतो, तेव्हा त्याला काही सांगण्यात अर्थ नाही. मग मी करायचे काय?" प्रश्न बिनतोड होता. बारा मिलिसेकंदांतच सारे संपत असेल, तर शिक्षकाला करण्यासारखे काही उरतच नाही. उलट भावनेची प्रतिक्रिया सेकंदासेकंदाने वाढत, वळत जात असेल, तर मध्ये शिरायला जागा आहे.

आणि अशी जागा आहे, असे प्रयोग सांगतात. ग्रेग हाजचाक आणि नियुवेनहुइस यांनी २००६ साली लोकांना दुःखद चित्रे दाखवून त्यांचा वेगळा, कमी क्लेशकारक अर्थ लावायला सांगितले. उशिराची लहर कमी झाली. २००८ साली फोटी आणि हाजचाक यांनी आणखी सोपी गोष्ट केली. चित्र दाखवण्याआधी त्याचे एका वाक्यात वर्णन ऐकवले, कधी सौम्य, कधी भीषण. चित्र तेच, पण सौम्य वर्णनानंतर लहर लहान आली. म्हणजे चित्राआधी ऐकलेले वाक्य चित्रानंतरच्या लहरीत उतरते. पाठ्यपुस्तकातले हिरोशिमाचे किंवा दुष्काळाचे छायाचित्र उघडण्याआधी शिक्षक काय बोलतात याला किती महत्त्व आहे, ते यावरून दिसेल.

याच्या जोडीला रिचर्ड्स आणि ग्रोस यांचे २००० सालचे निष्कर्ष ठेवा. जखमी माणसांच्या पारदर्शिका पाहताना काहींना सांगितले होते, भावना चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्यांनी ते जमवले, पण पारदर्शिकांबरोबर ऐकवलेली माहिती त्यांना कमी आठवली. ज्यांनी पाहण्याची दृष्टी बदलली त्यांच्या स्मरणाला असा फटका बसला नाही. 'रडू नकोस, गप्प बस, इकडे लक्ष दे' ही आपली नित्याची आज्ञा एका दमात दोन परस्परविरोधी कामे सांगते, असे मी त्यावरून म्हणेन. अर्थात हे सारे प्रयोग प्रौढांवर, बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, शांत खोलीत झालेले आहेत. मैदानावर एकमेकांची गचांडी धरलेल्या सातवीच्या मुलांना ते जसेच्या तसे लागू करणे म्हणजे उंदराचा आकडा माणसाला लावण्यासारखेच होईल. प्रतिक्रियेला वेळ लागतो आणि त्या वेळात ती बदलू शकते, एवढेच मी यातून घेतो.

वेळेचा पल्ला सेकंदांपाशीही थांबत नाही. तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाखवली की घाम आणि हृदयगती लवकर निवळतात, पण उशिराच्या लहरीतला भावनिक आणि साध्या चित्रांतला फरक टिकून राहतो. मूल 'सरावले' असे बाहेरून वाटते तेव्हा आत काय चालले आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. लॅरी काहिल, जेम्स मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी तर १९९४ साली आठवडाभराचे अंतर मोजले. पारदर्शिकांसह एक गोष्ट सांगितली. तिच्या मध्यभागी एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्याने विचारले असता हा मधला भाग लोकांना अधिक चांगला आठवला. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे औषध दिले होते त्यांना हा जादा लाभ झाला नाही. बाकीची गोष्ट त्यांनाही इतरांइतकीच आठवली.

ज्यांना ही आकृती वर्गात वापरायचीच आहे त्यांनी तिच्या खाली काळाची एक पट्टी जोडावी. एका मिलिसेकंदाला एक मिलिमीटर असे प्रमाण धरून कागदाच्या पट्ट्या चिकटवत भिंतीवर न्या. १२ मिलिमीटरवर उंदराचे आणि कानाचे चित्र काढा, डोळ्याचे नव्हे. साडेसात सेंटिमीटरवर भेदरलेला चेहरा, १५ सेंटिमीटरवर प्राणी ओळखणे, ३० ते ४० सेंटिमीटरवर उशिराच्या लहरीची सुरुवात, अर्ध्या मीटरवर पापणीची दचक, एक ते तीन मीटरच्या टप्प्यात तळहाताचा घाम. उशिराची लहर सहा मीटरपर्यंत, म्हणजे बहुधा वर्गाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, रंगवत न्यावी लागेल. आठवड्यानंतरच्या आठवणीची खूण मात्र वर्गात करता येणार नाही. त्यासाठी सहाशे किलोमीटरहून थोडा अधिक कागद लागेल.